मोटारीच्या सुकाणूचा दांडा : उतरवताना आणि बसवताना



पुण्याहून नाशिककडे निघालात की भोसरी मागे पडते, मोशी येते आणि इंद्रायणीवरचा पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात चाकण लागते. या रस्त्यावर नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक दुमजली ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. हा सारा टापू एके काळी शेतीचा होता. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि येथील कारखानदारीला वेग आला. १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, येथे बस्तान मांडले. १९९८ च्या अखेरीस टेल्कोने स्वतः विकसित केलेली इंडिका मोटार याच कारखान्यातून बाहेर पडली. पुढे २००९-१० च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखाने सुरू झाले.

या साऱ्या मोटारींमध्ये एक भाग असा आहे, की जो चालकाच्या अगदी छातीसमोर असतो, पण ज्याच्याकडे कुणी कधी पाहत नाही. आपण पाहतो ते हातातले गोल चक्र. त्या चक्रापासून खाली पायांकडे जाणारा, प्लॅस्टिकच्या कवचाखाली झाकलेला दांडा मात्र आपल्या ध्यानातच येत नाही. हाच सुकाणूचा दांडा. 'सुकाणू' हा शब्द मूळचा नावेचा. गॅरेजमध्ये सगळे जण 'स्टिअरिंग'च म्हणतात, आणि या दांड्याला 'स्टिअरिंग कॉलम'. हा दांडा गाडीतून उतरवतात कसा आणि पुन्हा बसवतात कसा, हे आज आपण पाहणार आहोत. त्यातली प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या शास्त्रीय कारणाने ठरली आहे. ते कारण एकदा कळले, की पायरी पाठ करावी लागत नाही.

दांडा काय काम करतो?

मोटारींच्या आरंभीच्या काळात चक्र नव्हते. नावेच्या सुकाणूसारखा एक आडवा दांडा हाताने डावी-उजवीकडे ढकलून गाडी वळवीत. १८९४ साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या गाडीला गोल चक्र लावले होते. पुढे सर्वांनी चक्रच स्वीकारले, कारण चक्राने थोड्या बलात जास्त काम होते. ते कसे, याचा हिशेब करून पाहू.

समजा, चक्राची त्रिज्या १९ सेंमी. आहे आणि चालक दोन्ही हातांनी प्रत्येकी २० न्यूटन बल लावतो. २० न्यूटन म्हणजे सुमारे दोन किलोचे वजन उचलायला लागते तेवढे बल. बल आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. म्हणून दोन्ही हातांचे मिळून परिबल

२ × २० × ०.१९ = ७.६ न्यूटन-मीटर.

हे परिबल दांड्यातून जसेच्या तसे खाली पोचते. तळाशी पिनियन नावाचे एक लहान दातेरी चाक असते आणि ते एका आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, सरकवते. पिनियनची त्रिज्या ८ मिमी. धरली, तर पट्टीवर पडणारे बल

७.६ ÷ ०.००८ = ९५० न्यूटन.

हातांनी लावले एकूण ४० न्यूटन, पट्टीला मिळाले ९५० न्यूटन! घर्षण सोडून दिले, तर यांत्रिक फायदा जवळजवळ २४ झाला. अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. चक्राच्या एका फेऱ्यात हात सुमारे ११९ सेंमी. प्रवास करतो आणि पट्टी सरकते फक्त ५ सेंमी. बल वाढले, अंतर त्याच प्रमाणात घटले. आजच्या अनेक लहान मोटारींत याच दांड्यावर एक विजेची मोटर बसवलेली असते. ती चालकाच्या जोडीने जोर लावते, त्यामुळे हाताला आणखी हलके वाटते. ट्रक आणि बस यांसारख्या जड गाड्यांत हे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दंतपेट्या करतात. अशा दंतपेट्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून तयार होतात.

तेव्हा दांड्याची पहिली अट अशी, की त्याने पिळाला ताठ राहिले पाहिजे. हात वळला की खालचे पिनियन तेवढेच वळले पाहिजे, कमी नाही की जास्त नाही.

दुसरी अट

आता दुसरी बाजू पाहू. पूर्वी हा दांडा म्हणजे एक सलग पोलादी कांब असे. तिचे एक टोक गाडीच्या पुढच्या भागात, दुसरे चालकाच्या छातीसमोर. समोरून धडक बसली, गाडीचे नाक आत दबले, की ती कांब भाल्यासारखी मागे येई. धडकेतून इंजिनपासून वाचलेला चालक सुकाणूच्या दांड्याने दगावे.

यात किती ऊर्जा गुंतलेली असते? गाडीचा वेग ताशी ५० किमी., म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर, आणि चालकाचे वस्तुमान ६० किग्रॅ. असेल, तर त्याची गतिज ऊर्जा

½ × ६० × १३.९ × १३.९ = सुमारे ५,८०० ज्यूल.

हा माणूस तिसऱ्या मजल्यावरून, सुमारे १० मीटर उंचीवरून, खाली पडला असता तर जमिनीला टेकताना त्याची ऊर्जा एवढीच झाली असती. सीटचा पट्टा यातली बरीचशी ऊर्जा शोषून घेतो. तरी समजा, दहावा हिस्सा म्हणजे ५८० ज्यूल ऊर्जा छातीमार्फत सुकाणूवर गेली. ऊर्जेला अंतराने भागले, की सरासरी बल मिळते. दांडा ताठ राहिला आणि छाती केवळ २ सेंमी. अंतरात थांबली, तर बल होईल २९,००० न्यूटन. पण दांडा १० सेंमी. आत सरकला, तर बल ५,८०० न्यूटनवर येईल. म्हणजे एक पंचमांश! क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, ते याच कारणाने.

म्हणून दांड्याची दुसरी अट अशी, की त्याने धक्क्याला मऊ असले पाहिजे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या मोटारींपासून धडकेत आखडणारा दांडा बसवायला सुरुवात केली. १ जानेवारी १९६८ पासून तेथे नियमच झाला, की ताशी ४८ किमी. वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी दांड्याचे वरचे टोक चालकाकडे १२७ मिमी.पेक्षा जास्त येता कामा नये. भारतातही सुकाणूपासून चालकाचे रक्षण व्हावे यासाठी प्रमाणके आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था मोटारींच्या धडक-चाचण्या घेते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग, म्हणजे धडकेत फुगणारी हवेची पिशवी, सक्तीची झाली.

पिळाला ताठ आणि धक्क्याला मऊ! एकाच दांड्याकडून या दोन उलट गोष्टी कशा करून घ्यायच्या? याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

करून पहा

एक रिकामी आगपेटी घ्या. आतली पेटी अर्धी बाहेर ओढा. एका हाताने बाहेरचे कवच धरा, दुसऱ्या हाताने आतली पेटी धरून पिळा. कवचही तिच्याबरोबर वळते. पेटीचा आकार चौकोनी असल्यामुळे ती कवचात नुसती गरगर फिरू शकत नाही. आता पेटी आत ढकला. ती सहज सरकते.

याचाच अर्थ, पिळ पोचला पण धक्का पोचला नाही. सुकाणूच्या दांड्यातही असेच असते. एक नळी आणि तिच्यात सरकणारी दुसरी कांब. आतून-बाहेरून दाते असल्यामुळे त्या एकमेकींना फिरवतात, पण लांबीच्या दिशेने सरकू शकतात.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. पेटी पुन्हा अर्धी बाहेर काढा आणि पेटी व कवच यांच्या सांध्यावर कागदाची अरुंद पट्टी खळीने चिकटवा. खळ वाळू द्या. आता हळूच ढकला. पेटी हलत नाही. जोराने ढकला. पट्टी फाटते आणि पेटी आत जाते. खऱ्या दांड्यात या कागदी पट्टीच्या जागी प्लॅस्टिकच्या लहान खिळ्या असतात. रोजच्या वापरात त्या दांडा लांबीला पक्का ठेवतात आणि धडकेच्या वेळी तुटून त्याला आखडू देतात. दांडा ज्या बोल्टांनी डॅशबोर्डखालच्या आडव्या तुळईला टांगलेला असतो, तेथेही अनेक गाड्यांत असेच तुटणारे गुटके बसवलेले असतात.

फाटलेली कागदी पट्टी बाहेरून दिसते. दांड्यातल्या खिळ्या आत दडलेल्या असतात, त्या तुटल्या तरी वरून पत्ता लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

दांडा उतरवताना

दांडा उतरवण्याची वेळ का येते? आतले बेअरिंग झिजले, किल्लीचे कुलूप बदलायचे असले, जॉइंट ढिला झाला किंवा अपघातात दांडा दबला, तर तो बाहेर काढावा लागतो. हे काम शिकलेल्या कारागिराचे आहे. घरच्या गाडीवर तुम्ही ते कधीही करून पाहू नका. जवळ उभे राहून पाहायला मिळाले, तर मात्र अवश्य पहा. प्रत्येक गाडीची रचना थोडी वेगळी असते, म्हणून चांगला कारागीर आधी त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका उघडतो.

१. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढची चाके अगदी सरळ करतात आणि चक्र मध्यावर आणतात. हातब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावतात. सरळ ही एकच स्थिती अशी आहे, की जी पुन्हा नक्की ओळखता येते.

२. किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवतात आणि पुस्तिकेत दिली असतील तेवढी मिनिटे थांबतात. बॅटरी सोडवल्यावर का थांबायचे? एअरबॅगच्या यंत्रणेत धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. धडकेत बॅटरीची तार तुटली तरी पिशवी फुगावी, म्हणून त्यात विद्युतभार साठवलेला असतो. तो उतरायला वेळ लागतो. एअरबॅगच्या तारांवर बहुधा पिवळे वेष्टन असते. पिवळे दिसले की हात आवरायचा, हा गॅरेजमधला नियमच आहे.

३. मग चक्राच्या मध्यावरचा एअरबॅगचा संच काढतात. तो नेताना त्याचे तोंड अंगाच्या विरुद्ध दिशेला धरतात आणि टेबलावर ठेवताना तोंड वर ठेवतात. पालथा ठेवला आणि चुकून उडाला, तर पिशवी टेबलावर फुगेल आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तो अख्खा संच वर फेकला जाईल. त्याच्या तारांना मीटर लावून तपासणेही धोक्याचे असते, कारण मीटरही थोडा प्रवाह सोडतो.

४. आता चक्राचा मधला नट. तो सैल करताना कारागीर चक्र हाताने धरून ठेवतो, किल्लीच्या कुलपाच्या भरवशावर जोर लावत नाही. नाही तर कुलपाची जीभ वाकते. नट सैल झाला तरी पूर्ण काढत नाही, दोन-चार आटे राहू देतो. अडकून बसलेले चक्र एकदम सुटले, तर ते तोंडावर येते. राहिलेला नट त्याला अडवतो.

५. चक्र आणि दांडा या दोहोंवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. मग पुलर नावाचे साधन लावून चक्र सावकाश ओढून काढतात. येथेच घाईची परीक्षा असते. चक्र निघत नाही म्हणून दांड्याच्या टोकावर हातोडीचे दोन ठोके घालावेत, असा मोह होतो. पण तो ठोका दांड्याच्या लांबीच्या दिशेने बसतो, म्हणजे ज्या दिशेने धडक बसते नेमक्या त्याच दिशेने. आतल्या प्लॅस्टिकच्या खिळ्या त्या ठोक्याला धडक समजतात आणि तुटतात. पुलरही ढकलतोच, पण त्याची प्रतिक्रिया चक्रावरच पेलली जाते आणि जोर हळूहळू वाढतो. हातोडीचा संवेग क्षणार्धात पोचतो, म्हणून तिचे बल प्रचंड असते.

६. चक्राखाली क्लॉक स्प्रिंग नावाची चपटी डबी असते. चक्र फिरते, पण एअरबॅगची तार तुटता कामा नये. म्हणून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली तारांची पट्टी तिच्यात ठेवलेली असते. ती ठराविक फेऱ्यांपुरतीच सैल असते. काढलेली डबी आपोआप फिरू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावून ठेवतात.

७. प्लॅस्टिकची कवचे, दिव्यांचे व वायपरचे स्विच आणि किल्लीच्या कुलपाच्या तारा सोडवतात.

८. मग कारागीर पेडलांजवळ वाकतो. दांड्याचे खालचे टोक तेथे जॉइंटने पिनियनच्या दांडीला जोडलेले असते. जॉइंट आणि दांडी यांवरही रेघेची खूण करतात. तेथला आवळबोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. कारण बहुतेक गाड्यांत तो दांडीवर कोरलेल्या खाचेतून जातो, म्हणजे बोल्ट असेपर्यंत जॉइंट निसटूच शकत नाही.

९. शेवटी डॅशबोर्डखालचे बोल्ट. ते सोडवताना दुसऱ्या माणसाने दांड्याला खालून आधार द्यायचा असतो. एका बाजूला लोंबकळला, तर त्याच्या वजनाने तुटणारे गुटके वाकतात. बाहेर काढलेला दांडा भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, सपाट आडवा ठेवतात. दांडा बाहेर असेपर्यंत पुढच्या चाकांना कुणी हात लावायचा नाही, नाही तर सरळपणाची खूण वाया जाते.

मध्ये दोन जॉइंट कशासाठी?

दांडा चालकासमोर तिरका उतरतो, पिनियन मात्र खाली वेगळ्याच कोनात असते. एका सरळ रेषेत दोघांना जोडता येत नाही. म्हणून मध्ये एक छोटी दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. ही रेषा मोडकी असल्याचा एक फायदाही आहे. धडकेत ती दुमडते, भाल्यासारखी सरळ मागे येत नाही.

पण या जॉइंटची एक खोड आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूकचा जॉइंटही म्हणतात. दोन दांड्यांमध्ये कोन असला, तर एक दांडा एकसारख्या वेगाने फिरवला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो थोडा पुढे धावतो आणि दोनदा थोडा रेंगाळतो. कोन ३० अंशांचा असेल, तर दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा बदलत राहतो.

यावर उपाय म्हणजे दुसरा जॉइंट. दोन्ही कोन सारखे असले आणि दोन्ही जॉइंट योग्य रोखाने बसवले, तर पहिला जेव्हा पुढे धावतो तेव्हा दुसरा रेंगाळतो आणि चूक मिटते. मात्र मधल्या दांडीचे दोन भाग सुटे करून ९० अंशांनी चुकीचे जोडले, तर चुका मिटण्याऐवजी गुणल्या जातात. मग वेग ०.७५ पट ते १.३३ पट असा बदलेल. चालकाला चक्र एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके लागेल, आणि बोल्ट तर सगळे घट्ट असतील! म्हणून आठव्या पायरीतली ती साधी रंगाची रेघ इतकी महत्त्वाची आहे. काही कारखाने चूक होऊच नये म्हणून दांड्यावरचा एक दात मुद्दाम गाळतात. मग चुकीच्या जागी तो बसतच नाही.

दांडा बसवताना

'जसे काढले त्याच्या उलट क्रमाने बसवा' असे सांगण्याची पद्धत आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. बसवण्याआधी तपासणी असते.

पहिली तपासणी लांबीची. पुस्तिकेत दांड्याची लांबी दिलेली असते. मोजलेली लांबी तिच्याहून कमी भरली, तर दांडा कधी तरी आखडला आहे, असा अर्थ होतो. मग तो कितीही छान दिसो, पुन्हा बसवायचा नाही. एकदा आखडलेला दांडा ओढून लांब करता येतो, पण तुटलेल्या खिळ्या जुळत नाहीत. फाटलेली कागदी पट्टी आठवा! तुटणारे गुटके, बेअरिंग आणि जॉइंट यांचीही अशीच पाहणी करतात. जॉइंट हाताने हलवून खुळखुळतो का, ते पाहतात.

मग दांडा आधार देऊन जागेवर नेतात, खालचा जॉइंट खुणेला खूण मिळवून चढवतात आणि सगळे बोल्ट आधी हाताने दोन-चार आटे फिरवतात. सगळे लागल्याशिवाय एकही आवळायचा नाही. एक पूर्ण आवळला, की बाकीची भोके ताणून जुळवावी लागतात आणि तो ताण कायमचा दांड्यात राहतो. शेवटी टॉर्क-पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या परिबलाइतकेच आवळतात. कमी आवळला तर बोल्ट सुटेल. जास्त आवळला तर तो ताणला जाईल, किंवा सरकायला हवा तो भाग सरकणार नाही. जेथे नवा नट किंवा बोल्ट वापरा असे लिहिले आहे, तेथे जुना पुन्हा वापरत नाहीत.

क्लॉक स्प्रिंग मध्यावर आहे की नाही, याची खात्री करतात. समजा, तिच्यात एकूण ५ फेऱ्यांची सोय आहे. तर एका टोकाला अलगद नेऊन तेथून अडीच फेरे मागे फिरवले, की मध्य मिळतो. ती एका टोकाशी बसवली, तर एखाद्या मोठ्या वळणावर आतली पट्टी तुटेल आणि एअरबॅग निकामी होईल.

चक्र खुणेवरच बसवायचे. दांड्यावर ३६ दाते आहेत असे धरले, तर एका दाताचा फरक म्हणजे ३६० ÷ ३६ = १० अंश. चाके सरळ, पण चक्र १० अंश तिरके! वळण घेतल्यावर इंडिकेटर डावीकडे लवकर आणि उजवीकडे उशिरा बंद होईल. आणि ज्या गाडीत चक्राचा कोन मोजणारा संवेदक असतो, तेथे गाडी सरळ चालली असताना ती वळत आहे, असे संगणकाला वाटेल. अशा गाडीत काम झाल्यावर संवेदकाचा शून्यही नव्याने ठरवावा लागतो.

सर्वांत शेवटी एअरबॅग जोडून बॅटरी लावतात. किल्ली पहिल्यांदा फिरवताना चक्रासमोर कुणी बसत नाही, बाजूने हात घालून फिरवतात. एअरबॅगचा दिवा लागून विझला, की जोडणी ठीक समजायची. मग मोकळ्या जागेत सावकाश गाडी चालवून चक्र मध्यावर राहते का, दोन्ही बाजूंना सारखे फिरते का, इंडिकेटर परत येतो का आणि कुलूप नीट लागते का, हे पाहतात.

न दिसणारे काम

मित्रांनो, घंटा वाजत नसेल तर ती वाजत नाही हे लगेच कळते. दिवा लागत नसेल तर अंधार दिसतो. पण सुकाणूच्या दांड्यातली खिळी तुटली असेल, तरी गाडी वळेल, चक्र फिरेल, मालक पैसे देऊन खुशीत घरी जाईल. तो दांडा आपले दुसरे काम करील की नाही, हे कदाचित दहा वर्षांनी एका क्षणात ठरेल. तेव्हा त्याच्यासमोर बसलेला माणूस कारागिराला ओळखतही नसेल.

दहावीनंतर दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत असतो. पिंपरीत मोरवाडी येथे महानगरपालिकेचीही अशी संस्था आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या तिकडे जातील, काही अभियंते होतील, बरेच जण नुसते गाडी चालवतील. तिघांनाही एवढे माहीत असावे, की हातोडी केव्हा उचलायची नाही हे कळणे, हाही यंत्रविद्येचा भाग आहे.

स्वाध्याय

१. चक्राची त्रिज्या १९ सेंमी.ऐवजी १५ सेंमी. केली आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर पट्टीवर किती बल मिळेल?

२. एका दांड्यावर ४० दाते आहेत. चक्र दोन दात चुकवून बसवले, तर ते किती अंश तिरके दिसेल?

३. गाडीचा वेग ताशी ५० किमी.वरून १०० किमी. झाला, तर चालकाची गतिज ऊर्जा किती पट होईल?

४. गोल डबी आणि तिचे गोल सरकते झाकण घेऊन आगपेटीचा प्रयोग केला, तर काय फरक पडेल? का?

उत्तरे : (१) परिबल २ × २० × ०.१५ = ६ न्यूटन-मीटर; बल ६ ÷ ०.००८ = ७५० न्यूटन. (२) १८ अंश. (३) चौपट. (४) झाकण डबीभोवती नुसतेच फिरेल आणि पिळ पुढे पोचणार नाही, म्हणून दांड्याला दाते किंवा चपट्या बाजू लागतात.

शिक्षकांसाठी : आगपेटीचा प्रयोग वर्गात गटागटाने करता येईल. कागदी पट्टीची रुंदी अर्धा, एक आणि दीड सेंमी. अशी ठेवून, पेटीवर वजने ठेवत ती कोणत्या वजनाला फाटते, याचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. पट्टी फार रुंद झाली तर पेटी सरकण्याऐवजी चेपते, हेही दिसेल. 'तुटायलाच हवा असा भाग किती मजबूत असावा?' या प्रश्नावर चांगली चर्चा होते.